चोरबाजारात मिळालेलं 'यज्ञपात्रांचं' जुनं एचिंग: अस्सल आहे का, आणि त्यात नक्की काय काढलंय?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला असा समजला. चोरबाजारातून तुम्ही फ्रेमसकट एक छापील चित्र घेतलंत. एका पानावर नऊ गोल वाडगी आहेत, वरून पाहिल्यासारखी. कुठे पाकळ्यांची नक्षी, कुठे मधोमध मुखवटा, कुठे घोडे आणि देव. एका भांड्याला दांडा आहे. त्यात बसलेल्या देवाच्या डोक्यातून एक छोटी शस्त्रधारी देवी बाहेर येतेय, शेजारी कुऱ्हाडवाला माणूस आहे आणि कडेने न वाचता येणारी अक्षरं आहेत. फ्रेमच्या पाठीवरच्या इंग्रजी चिठ्ठीत 'प्राचीन यज्ञपात्रे' असं लिहिलंय, आणि विक्रेता 'तीनशे वर्षांचं अस्सल एचिंग' म्हणतो. कागदावर तपकिरी ठिपके आहेत, आणि फ्रेमवाला ब्लीचने धुऊन लॅमिनेट करून द्यायला तयार आहे. हे अस्सल आहे का, या वाडग्यांत बळीचं रक्त धरायचे का, साफ करू का, आणि न्यू जर्सीच्या बहिणीला पाठवता येईल का, असं तुम्ही विचारलंत.

ब्लीच आणि लॅमिनेशन दोन्ही आधी थांबवा. कारण खाली सांगतो, पण फ्रेमवाल्याला फोन आजच करा.

मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करतो. नकाशे, छापील चित्रं, पोथ्या, हेच रोज हाताखाली असतं. 'अस्सल आहे का' या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही, कारण इथे तीन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. एक, हा कागद खरोखर त्या काळात तांब्याच्या पत्र्यावरून छापलाय की नंतरची यांत्रिक नक्कल आहे? दोन, तो पत्रा कोरणाऱ्याने भांडी स्वतः पाहिली होती, की दुसऱ्या पुस्तकातलं चित्र उतरवलं? तीन, चित्रातली वस्तू खरंच वाडगं आहे का? पहिल्याचं उत्तर तुम्ही घरबसल्या बरंचसं काढू शकता. दुसऱ्याला थोडी शोधाशोध लागते. तिसऱ्या प्रश्नात मात्र तुमच्या पानावरची खरी गंमत दडलीय, कारण ते दांड्याचं 'वाडगं' माझ्या अंदाजाने वाडगं नाहीच.

पहिल्यापासून सुरू करू. फ्रेम उघडून पान सपाट टेबलावर ठेवा. हात कोरडे हवेत आणि जवळपास चहाचा कप नको. खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च कागदाच्या अगदी पातळीत आडवा धरा. चित्राच्या चारी बाजूंनी आयताकृती दबलेली कडा दिसते का ते बघा. तांब्याच्या पत्र्यावर शाई चोळतात, वरची पुसून घेतात म्हणजे ती फक्त खाचांत उरते, मग ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून प्रचंड दाबाने काढतात. त्या दाबाने पत्र्याची कड कागदात उमटते आणि खाचेतली शाई कागदावर किंचित उठून बसते. आडव्या उजेडात गडद भागातल्या रेषा बारीक वरंब्यांसारख्या दिसल्या तर ते चांगलं लक्षण. कड दिसली नाही म्हणून निराश होऊ नका. फ्रेममध्ये बसवायला समास कापून टाकायची वाईट खोड पूर्वीपासून आहे. उलट कड दिसली म्हणून लगेच खूशही होऊ नका, कारण नंतरच्या नकलांवर मुद्दाम खोटी कड दाबलेलीही असते.

म्हणून दुसरी तपासणी भिंगाची. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. रेषा पाहताना ती ठिपक्यांची बनलीय का ते बघा. ओळीने मांडलेले ठिपके किंवा बारीक जाळी दिसली, तर ते फोटोवरून केलेलं छापकाम आहे, म्हणजे फार तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, बहुधा त्याहून अलीकडचं. रेषा अखंड आणि काळीशार असेल तर पुढे जाऊ.

आता 'एचिंग' हे नाव बरोबर आहे का ते पाहू. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणासारखा थर चढवून सुईने ओरखडे काढतात, आणि उघड्या पडलेल्या तांब्याला आम्ल खातं. सुई मऊ थरातून पेन्सिलीसारखी मोकळी फिरते, त्यामुळे रेषेची जाडी सगळीकडे जवळपास सारखी राहते आणि टोकं बोथट येतात. एन्ग्रेव्हिंगमध्ये पोलादी छिन्नी तळहाताने ढकलत थेट तांबं कापतात. ती रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होत संपते. वाडग्याच्या गोलाईची छटा दाखवणाऱ्या समांतर वक्र रेषांची टोकं पाहा. टोकदार असतील तर छिन्नीचं काम. अठराव्या शतकातल्या अशा पुराणवस्तूंच्या पानांवर बरेचदा दोन्ही असतं: बाह्यरेषा आम्लाने, छटा छिन्नीने. बाजारात मात्र सरसकट सगळ्यालाच एचिंग म्हणतात. त्यामुळे विक्रेत्याने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याने जरा ढोबळ सांगितलं, एवढंच.

मग कागद उजेडासमोर धरा. साधारण इंचाच्या अंतरावर उभ्या पुसट रेघा आणि त्यांना काटकोनात अगदी जवळजवळ बारीक रेघा दिसल्या, तर तो तारेच्या चाळणीवर हाताने बनवलेला जुन्या पद्धतीचा कागद. अशा रेघा नसलेला एकसारखा कागद युरोपात 1750 च्या दशकात आला आणि सर्रास वापरात यायला त्या शतकाचा शेवट उजाडला. म्हणजे पूर्ण एकसंध कागद असेल तर 'तीनशे वर्षं' हा दावा तिथेच कोसळला. रेघांचा कागद मात्र आजही बनतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही. कड, शाईचा उठाव, रेषेचा स्वभाव आणि कागद या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर मी पान जुनं मानतो. एखादी विरुद्ध गेली की थांबतो. फोटोवरून निकाल देणाऱ्यांपासून जपून राहा. त्यांत मीही आलो.

आता दुसरा प्रश्न: पान कुठून आलं? एकाच पानावर नऊ भांडी, प्रत्येकाला क्रमांक, कोपऱ्यात खंड आणि पानाचा आकडा, हा घाट सुट्या चित्राचा नाही. ते कुठल्यातरी जाडजूड ग्रंथातून काढलेलं पान आहे. असे ग्रंथ अठराव्या शतकात पुष्कळ निघाले. त्यांतला सगळ्यांत गाजलेला म्हणजे बेनेडिक्टाइन पंथाचा फ्रेंच साधू बर्नार द मोंफोकाँ याचा. 1719 मध्ये पॅरिसहून त्याचे दहा खंड आले आणि 1724 मध्ये पुरवणीचे पाच. ग्रीक-रोमनांचे देव, पूजाविधी, पोशाख, शस्त्रं, भांडी, अंत्यविधी, सगळं चित्रांतून समजावून सांगायचं हा त्याचा बेत होता. एका बाजूला फ्रेंच आणि एका बाजूला लॅटिन मजकूर, आणि हजाराहून जास्त चित्रपानं. ग्रीक-रोमन पूजाविधींचा भाग दुसऱ्या खंडात येतो. बळी देण्याची साधनं, सुऱ्या, सुरया, वाडगी हे सगळं तिथे रांगेने मांडलंय. 1722 मध्ये पॅरिसलाच दुसरी आवृत्ती निघाली, साधारण त्याच सुमारास लंडनला इंग्रजी भाषांतर आलं आणि 1757 मध्ये न्युरेंबर्गला एक संक्षिप्त आवृत्ती. म्हणून मोंफोकाँचं पान असलं तरी नेमकं कुठल्या छापणीचं, हा प्रश्न उरतोच. चित्राखालचा मजकूर कोणत्या भाषेत आहे ते कळवा, म्हणजे निम्मं काम होईल.

पान त्याच्याच ग्रंथातलं आहे असं मी खात्रीने सांगत नाही. रोममध्ये राहून काम करणारे कोरक, म्हणजे पत्रे कोरणारे कारागीर, होते, राजेरजवाड्यांच्या संग्रहांच्या सचित्र याद्या होत्या, पुढे 1752 ते 1767 मध्ये काउंट द केलूस या फ्रेंच पुराणवस्तू-अभ्यासकाचे सात खंड आले. केलूस स्वतः एचिंग करायचा आणि वस्तू स्वतः हाताळण्यावर त्याचा भर होता. 1778 च्या सुमाराचा इटालियन कोरक पिरानेसीचा पुष्पपात्रं आणि दीपमाळांचा संग्रह बहुतेकांना ठाऊक असतो. पण पिरानेसी एकेका पात्राला पानभर जागा देतो, नाट्यमय सावल्या टाकतो. नऊ वाडगी ओळीने मांडणं ही त्याची तऱ्हाच नव्हे. शिवाय त्याच्या पानांतली बरीच पात्रं जुन्या तुकड्यांना नवे जोड देऊन उभी केलेली आहेत, तो विषय वेगळा.

पानाचं वय काढायची आणखी एक युक्ती मी नेहमी वापरतो. चित्रातली एखादी वस्तू ओळखता आली, तर ती कधी सापडली ते बघायचं. फ्रान्समधल्या रेन शहरात 1774 मध्ये सोन्याचं एक वाडगं सापडलं. मधोमध मद्याचा देव बाकस आणि वीर हर्क्युलिस यांची मद्य पिण्याची शर्यत, आणि कडेने सोळा सोन्याची रोमन नाणी बसवलेली. ते आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणेसंग्रहात आहे. तुमच्या पानावर नाणी जडवलेलं असं वाडगं असेल, तर पान 1774 च्या आधीचं असूच शकत नाही, विक्रेता काही म्हणो. मिलानजवळच्या पाराबियागोचं चांदीचं ताट तर 1907 मध्ये मिळालं. ते दिसलं तर विषयच संपला.

चित्राखाली बारीक अक्षरांत एखादं नाव आहे का, तेही भिंगाने पाहा. मोंफोकाँ बऱ्याच आकृत्यांखाली ती कुणाच्या संग्रहातून किंवा कुणाच्या ग्रंथातून घेतली ते देतो. हे नाव चित्रकाराचं समजून लोक गोंधळतात. चित्रकार आणि कोरक यांची नावं असलीच तर पानाच्या अगदी तळाच्या कडेला असतात, पुढे लॅटिन क्रियापदांची आखूड रूपं जोडलेली: 'डेल.' असेल तो रेखाटणारा, 'स्कल्प.' असेल तो कोरणारा. आकृतीखालच्या त्या नावावरून आपल्याला दुसरंच काही कळतं: कोरकाने ती वस्तू बहुधा पाहिलेलीच नाही. त्याच्यासमोर दुसऱ्याचं चित्र होतं.

असं चित्र उतरवताना एक गोष्ट हमखास घडते. समोरचं छापील चित्र जसंच्या तसं पत्र्यावर काढलं, तर छापल्यावर डावं-उजवं उलटतं. काळजी घेणारा कोरक आधीच उलटं काढून घेतो. घाईतला तसाच छापतो. म्हणून मूर्तींचे हात तपासावेत. रोमन शिल्पांत वाडगं सहसा उजव्या हातात असतं. तुमच्या पानावर सगळेच डावखुरे दिसले, तर ती नकलेवरून केलेली नक्कल असण्याचा दाट संशय घ्यावा.

इथून मी तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तुम्ही लिहिलेली ती 'न वाचता येणारी अक्षरं' इथेच उपयोगी पडतात.

आधी खरी वाडगी कशी होती ते सांगतो. ग्रीकांचं अर्पणाचं वाडगं म्हणजे फिआले: उथळ, पसरट, कान नाहीत, दांडा नाही, बैठक नाही. मधोमध एक उंचवटा असतो, खालून पाहिलं तर तिथे पोकळ खळगा. धरायची पद्धत ठरलेली: अंगठा कडेवर आणि मधलं बोट खालच्या त्या खळग्यात. मग मनगट किंचित वळवलं की द्रव एका धारेत पडतो. हे एवढं बारकाईने सांगायचं कारण, तुमच्या पानावर ज्या वाडग्यांच्या बरोबर मध्यभागी गोल बटणासारखा भाग आहे आणि भोवती पाकळ्या किंवा ओकच्या फळांच्या रांगा आहेत, ती बहुतेक अस्सल फिआले आहेत. पाकळ्या नुसत्या शोभेच्या नाहीत. पातळ पत्रा असा उठवला की त्याला ताठपणा येतो आणि बोटांना पकड मिळते. आपल्या देवघरातल्या ताम्हणाशी आकाराचा सारखेपणा जाणवेल. फरक एवढा की ताम्हणात सोडलेलं पाणी साठतं, आणि फिआलेतून द्रव बाहेर, वेदीवर किंवा जमिनीवर, ओततात.

अशा वाडग्यांचे दोन नमुने तुम्ही नेटवर शोधून शेजारी ठेवून बघा. बल्गेरियातल्या पानाग्युरिश्ते गावी 1949 मध्ये सापडलेल्या सोन्याच्या साठ्यात एक फिआले आहे, त्यावर ओकच्या फळांची एक आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या तीन अशा वर्तुळाकार रांगा आहेत. दुसरं बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात: ऑलिंपियाहून आलेलं सोन्याचं साधंसं वाडगं, कडेवर कोरिंथ या ग्रीक नगराचा सत्ताधीश किप्सेलोस याच्या मुलांनी अर्पण केल्याचा लेख. या दोन्हींचे फोटो पाहिल्यावर तुमच्या पानावरच्या कोरकाने कुठे इमानेइतबारे काम केलंय आणि कुठे नक्षी स्वतःच्या काळाच्या चवीने गुबगुबीत केलीय, ते डोळ्याला लगेच जाणवेल. विशेषतः चेहरे. अठराव्या शतकातल्या कोरकाच्या हातून केसांच्या जागी साप असलेली मेदुसाही पॅरिसच्या दरबारातल्या बाईसारखी होते.

रोमनांचा पातेरा, म्हणजे त्यांचं अर्पणाचं वाडगं, हाच वारसा चालवतो. आता तुमचा रक्ताचा प्रश्न. या वाडग्यांतून मुख्यतः दारू ओतायचे, कधी दूध. विधी सुरू होताना अग्नीवर धूप आणि दारू वाहायचे. मग जनावराच्या अंगावर मीठ घातलेलं भरड पीठ टाकायचे. हे पीठ व्हेस्टा देवीच्या कुमारिका तयार करत. नंतर जनावराच्या कपाळावर दारू ओतायचे, पाठीवरून सुरी नुसती फिरवायचे, आणि प्रत्यक्ष मारण्याचं काम दुसरेच सेवक करायचे. म्हणजे वाडगं धरणाऱ्या यजमानाचा हात दारूने ओला व्हायचा, रक्ताने नाही. रक्त धरायला वेगळी भांडी असत. 'यज्ञपात्र' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर होम येतो, आणि इंग्रजी चिठ्ठी वाचली की बळी. प्रत्यक्षात ही ओतण्याची, अर्घ्य देण्याची वाडगी.

रोममध्ये ही भांडी दगडातही कोरलेली सापडतात. फोरम या जुन्या चौकातल्या सम्राट व्हेस्पेशियनच्या देवळाच्या पट्टिकेवर बैलाची कवटी, सुरई, वाडगं, सुरी, कुऱ्हाड असं सगळं साहित्य ओळीने आहे. थडग्यांजवळच्या कितीतरी वेदींवर एका बाजूला सुरई आणि दुसऱ्या बाजूला वाडगं असतं. जुन्या ग्रंथकारांनी हे दगडी नमुनेही आपल्या पानांवर उतरवले, आणि एकदा कागदावर आले की धातूचं खरं वाडगं कोणतं आणि दगडातलं गोल फूल कोणतं, हे कळायला मार्ग राहत नाही. पानावर माप नाही, सगळी एकाच आकाराची, सगळी वरून पाहिलेली. खोली दिसतच नाही. दिव्याची झाकणी, ढालीचं पदक, शोभेची चकती, काहीही 'वाडगं' म्हणून खपून जातं.

दांड्याच्या वस्तूचंही असंच झालं. बसलेला देव, डोक्यातून बाहेर येणारी शस्त्रधारी देवी, कुऱ्हाडवाला आणि कडेने अक्षरं: तुम्ही केलेलं हे वर्णन इटलीतल्या बोलोन्याच्या एका प्रसिद्ध वस्तूशी जुळतं. ती सतराव्या शतकात मार्क्विस फेर्दिनांदो कोस्पीच्या संग्रहात होती, आणि विद्वान तिला 'कोस्पीचा पातेरा' म्हणत. आज ती बोलोन्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि ती आहे एट्रस्कन आरसा. एट्रस्कन म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेले लोक. देव म्हणजे टिनिया, एट्रस्कनांचा झ्यूस. डोक्यातून जन्मणारी मिनर्व्हा. कुऱ्हाडवाला सेथलान्स, म्हणजे देवांचा लोहार. बाळंतपणाला दोन देवीही हजर आहेत.

एट्रस्कन बायका कांशाचा गोल आरसा वापरत. एक बाजू घासून चकचकीत केलेली, किंचित फुगीर. पाठीवर सुईसारख्या हत्याराने कोरलेलं चित्र. खाली निमुळता दांडा, त्यावर हाडाची किंवा लाकडाची मूठ बसायची. जमिनीत मूठ कुजली, चकाकी गेली, हिरवा गंज चढला. उरली ती उचललेल्या कडेची, कोरीव देवांची आणि दांड्याची चकती. त्या काळच्या विद्वानांनी ग्रंथांतून अर्पणाच्या वाडग्यांबद्दल वाचलेलं होतं, समोर देवांचं चित्र होतं, म्हणजे पूजेचंच भांडं हा निष्कर्ष त्यांना साहजिक वाटला. पण चित्र कडेपासून कडेपर्यंत सपाट पसरलंय, मध्ये उंचवटा नाही, द्रव राहील एवढी खोली नाही, याकडे दुर्लक्ष झालं. आणि ही चूक कागदाने पक्की केली, असं माझं मत आहे. ती चकती हातात घेणारा एखादा होता. पुस्तकातलं सपाट वर्तुळ पाहणारे असंख्य, आणि सपाट वर्तुळात आरसा आणि वाडगं सारखेच दिसतात. 1820 च्या दशकात इटालियन विद्वान इंगिरामीने हे आरसे आहेत हे मान्य केलं, तेही 'गूढ आरसे' म्हणून. 1840 पासून जर्मन पुरातत्त्वज्ञ एडुआर्ड गेरहार्डने एट्रस्कन आरशांचे खंड काढायला घेतले आणि मग हा घोळ बराचसा निस्तरला.

आता तुमच्यासाठी एक काम. त्या आकृतीवरची अक्षरं भिंगाखाली नीट पाहा. एट्रस्कन लेख बहुतेक उजवीकडून डावीकडे जातात आणि इंग्रजी E सारख्या अक्षरांचे आडवे दात डावीकडे वळलेले असतात. तुमच्या पानावर ते दात उजवीकडे वळलेले असतील, तर आकृती उलटी छापली गेलीय, म्हणजे मघाशी सांगितलेली नकलेवरून नक्कल. या एका निरीक्षणातून दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर बरंच मिळतं. माझं मन विचाराल तर मला अशी उलटलेली पानंच जास्त आवडतात.

दांडा असलेली प्रत्येक वस्तू आरसाच, असं मात्र समजू नका. रोमनांची खोलगट, दांड्याची कांशाची भांडी खरीच होती. दांड्याच्या टोकाला मेंढ्याचं डोकं असणं हा त्यांचा ठरलेला थाट. पण तीही पॉम्पेईत आणि कबरींत सुरईच्या जोडीने मिळतात, आणि हात धुण्याचा संच म्हणून त्यांचा वापर व्हायचा असं आज मानतात. जेवणाआधी असेल, पूजेआधी असेल. रोमन सुरई कशी असते ते प्रत्यक्ष बघायचं तर इटलीला जायला नको, कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात झालेल्या उत्खननात रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू निघाल्या. ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याच साठ्यात एक देखणी सुरई आहे. टाउन हॉल म्युझियममध्ये तिच्या कानाची घडण बघा, मग तुमच्या पानावरच्या नक्षीकडे परत या. धातूत ती नक्षी किती आवरलेली असते ते दिसेल.

इथवरचं सगळं जमेल तसं जोडून माझा अंदाज: पान जुनं असण्याची शक्यता चांगली, अठराव्या शतकातल्या एखाद्या ग्रंथातलं, एचिंग आणि एन्ग्रेव्हिंग मिश्र, इतर पुस्तकांतून उतरवलेल्या आकृत्यांचं. भांड्यांपैकी काही खरी अर्पणाची वाडगी, किमान एक आरसा, उरलेल्यांबद्दल चित्र पाहिल्याशिवाय बोलणार नाही.

आता ठिपके. आपल्या दमट हवेत जुन्या कागदावर असे तपकिरी डाग येतातच. बुरशी आणि कागदातले लोहाचे कण ही त्याची नेहमीची कारणं. घरगुती ब्लीचने डाग जातात हे खरं, पण क्लोरीनचा अंश तंतूंत राहतो आणि कागद काही वर्षांत ठिसूळ होऊन तुटायला लागतो. शिवाय जुन्या कागदाचा मूळचा सायीसारखा रंग जाऊन तो झेरॉक्सच्या कागदासारखा पांढराफटक दिसतो. लॅमिनेशन तर परतीचा रस्ताच बंद करतं, उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही. डाग पसरत नसतील तर मी ते तसेच ठेवायला सांगतो. पसरत असतील, बुरशीचा वास येत असेल, तर पान प्रशिक्षित माणसाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.

फ्रेम पुन्हा करताना पाठीला हार्डबोर्ड किंवा प्लायवूड थेट लावू देऊ नका, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. आम्लरहित माउंटबोर्ड मागा. पान वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगलेलं असावं. सेलोटेप अजिबात नको. काच कागदाला टेकता कामा नये. आणि पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर, थेट उन्हापासून लांब.

किमतीबद्दल: असे ग्रंथ फोडून पानं सुटी विकण्याचा धंदा जुना आहे. मला तो आवडत नाही, पण तुमचं पान कधीच सुटं झालंय. मोंफोकाँची पानं बाजारात दुर्मीळ नाहीत, त्यामुळे मोठ्या रकमेची आशा धरू नका. पूर्ण समास, स्वच्छ छपाई आणि ओळखता येणारी वस्तू असेल तर भाव थोडा वर जातो. चांगल्या फ्रेमचा खर्च पानाच्या किमतीच्या वर गेलेला मी पाहिलाय.

बहिणीला पाठवण्याआधी मात्र थांबा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर 1972 च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. वस्तू परदेशात बनलेली आहे म्हणून ती आपोआप सुटते असं गृहीत धरू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात पान दाखवून लेखी उत्तर घ्या, मगच कुरिअरवाल्याकडे जा.

पुढचं सांगायला मला चार फोटो लागतील: आडव्या उजेडातला कोपरा, पाठची बाजू, तळाची बारीक अक्षरं आणि दांड्याच्या वस्तूचा भिंगातून घेतलेला जवळचा फोटो. शेजारी पट्टी ठेवून पत्र्याच्या दबलेल्या कडेचं माप मिलिमीटरमध्ये लिहा, कारण आवृत्ती ठरवायला कागदाच्या मापापेक्षा तेच उपयोगी पडतं.